कोरं पान म्हणजे पूर्व

गिरणीचा भोंगा झाला की सगळं सोलापूर आपापली घड्याळं लावून घ्यायचं. आमचे मास्तर आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे, मग खिडकीतून भोंग्याच्या दिशेनं बघायचे आणि म्हणायचे, “भोंगा बरोबर वाजला कशावरनं?” या प्रश्नाला उत्तर नसतं. सगळ्या गावाची घड्याळं ज्यावर चालतात त्याचं घड्याळ कोण तपासणार? पण मास्तरांनी तो रोज विचारला. त्यांचं घड्याळ आणि भोंगा यांत मिनिटभराचं भांडण असायचं आणि मास्तर दोघांपैकी कुणाचीही बाजू घ्यायचे नाहीत.

कारखान्यात त्यांचं नाव ‘कशावरून मास्तर’ असं पडलं होतं. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं, तेव्हा क्षणभर वाटायचं, हा कोण नवीन माणूस? ते पूर्वी एका कापडगिरणीच्या बांधकाम खात्यात होते, तिथून ‘मास्तर’ ही पदवी त्यांच्याबरोबर आली. उंच, किंचित पुढे झुकलेले, पांढरा हाफशर्ट, खिशात दोन पेनं. दोन का, तर एकावर भरवसा नाही. विडीकाडीचं व्यसन नाही, तरी खिशात काड्यापेटी कायम. तिची गोष्ट पुढे येईलच.

आमचा कारखाना होटगी रस्त्याला होता. आम्ही खाणींसाठी सुट्या भागांच्या खोल्या करायचो. खाण आज इथे असते, चार-सहा वर्षांनी दगड संपला की पुढे सरकते. तिथे विटा-सिमेंटचं पक्कं बांधकाम करून उपयोग नसतो. म्हणून तीन फूट रुंदीची तयार फळी, बाहेरून पत्रा, आतून हार्डबोर्ड आणि मध्ये भरणी. तिला आम्ही ‘पान’ म्हणायचो. चार पानं जोडली की एक भिंत, चार भिंतींची एक चौरस खोली. ट्रकवर घालायची, तिकडे बोल्टांनी आवळायची, काम संपलं की सोडवून पुढच्या जागी न्यायची. डिझेल एकदम महाग झालं होतं ती वर्षं. खाणीवर वीज म्हणजे जनरेटर, आणि दिवसभर पंखे फिरवायला जनरेटर चालवणं कुणालाच परवडेना. पंख्यावाचून दुपार काढता येईल अशी खोली करून द्या, असं काम आमच्याकडे आलं. मास्तर त्यासाठीच मालकांनी आणलेले.

मी तिथे ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवून काढणारी, होते. आयटीआय करून नुकतीच लागलेली, नकाशाच्या खात्यातली एकटी बाई, आणि घरात मिळवणारीही एकटीच. पहिल्या दिवशी मी आखलेली रेघ मास्तरांनी भिंगातून पाहिली. म्हणाले, “ही रेघ सरळ हाय कशावरनं?” मी म्हटलं, टी-स्क्वेअरची पट्टी लावून मारली आहे. “आन् टी-स्क्वेअर सरळ हाय कशावरनं?” मी घरी जाऊन रडले. आठवडाभरानं कळलं की टी-स्क्वेअर खरंच मधोमध किंचित वाकलेला होता. मग मात्र रडू आलं नाही. उलट मलाच सवय लागली. भाजीवालीनं मेथी ताजी आहे म्हटलं की ओठांवर तोच प्रश्न यायचा.

त्या खोलीचं सगळं डोकं मास्तर गिरणीतून घेऊन आले होते. गिरणीचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं आणि प्रत्येक दाताची काच उत्तरेला असते. आत उजेड भरपूर, ऊन नाही. मास्तरांनी तेच भिंतीत आणलं. उत्तरेची भिंत मोठमोठ्या खिडक्यांची. पश्चिमेची भिंत बंद, एक भोकही नाही, आणि भरणी दुप्पट. पूर्वेला उंचावर एक लहान झरोका. वर दुहेरी छप्पर, मध्ये वारा खेळायला वीतभर जागा. आणि दार दक्षिणेला, त्यावर खाली उतरणारी रुंद पडवी. दार दक्षिणेला म्हटल्यावर मालकांनी कपाळाला हात लावला. “मास्तर, दक्षिण यमाची दिशा. लोक पाऊल टाकणार नाहीत.” मास्तर शांतपणे म्हणाले, “यम तितंच ऱ्हातो कशावरनं? ऊन मात्र पश्चिमेकडनं येतंय, त्ये मी बगितलंय.”

भरणीसाठी त्यांनी गिरण्यांतला वाया जाणारा कापूस निवडला. आमच्या गावात त्याला तोटा नव्हता. फक्त कापूस पेटतो आणि उंदीर त्यात घरं करतात, म्हणून तो टाकणखाराच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. हे खातं नरसम्माकडे होतं. नरसम्मा सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू आणि कारखान्यात तिची स्वतःची एक मराठी बोलणारी. तिच्या हाताखाली सहा बायका. मास्तर रोज सकाळी वाळलेल्या ढिगातून चिमूटभर कापूस घ्यायचे, खिशातली काड्यापेटी काढायचे आणि काडी लावायचे. कापूस काळा पडून विझला तर बरोबर. रोज विझायचा. एकदाही पेटला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा काडी. नरसम्मा एकदा म्हणाली, “मास्तर, माझ्यावर संशय घेतला तर घ्या. कापसानं काय केलं तुमचं?” मास्तर म्हणाले, “काल इझला म्हणून आज इझंल कशावरनं?”

जो माणूस सगळ्यांवर संशय घेतो त्याच्यावर सगळे संशय घेतात. मास्तरांच्या टेबलाच्या खणाला कुलूप असायचं. रोज दुपारी दोनच्या सुमारास ते खणातून काहीतरी रुमालात गुंडाळून काढायचे आणि अंगणात नमुन्यासाठी उभारलेल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. तासाभरानं घामेजलेले बाहेर यायचे. सुतार म्हणायचे, पितात. हिशेबनीस म्हणायचे, झोपतात. मला सगळ्यात वाईट शंका होती, की ते आमचे नकाशे उतरवून दुसऱ्या कुणाला देत असावेत. त्यांच्या हाताखाली राहून माझंही मन तसंच झालं होतं. एक दिवस मी उत्तरेच्या खिडकीशी जाऊन टाचा उंच करून आत पाहिलं.

मास्तर बनियनवर खुर्चीत बसले होते. समोर स्टुलावर तीन तापमापक एका रांगेत, आणि त्यांच्याशेजारी एक पेटवलेली नसलेली मेणबत्ती. मास्तर एकटक त्या मेणबत्तीकडे बघत होते, मूल झोपलं की नाही हे आई बघते तसं.

मी दिसले तशी त्यांनी आत बोलावलं. मी विचारलं, तापमापक तीन कशाला? “एक खोटं बोलंल. दोघांत भांडण लागलं तर तिसरा लागतोच की.” आणि मेणबत्ती? “ह्ये तिघं मिळून बी खोटं बोलतील, बाई. मेणबत्तीला खोटं बोलायला येत न्हाय. उकाडा झाला की ती मान टाकती.” त्या दिवशी बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली दुसरी मेणबत्ती कमरेत वाकली होती, आणि आतली ताठ उभी होती. मास्तरांनी वहीत नोंद केली. तेवढंच होतं त्या खणातलं गुपित. मी ते कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं असतं तर त्यांना दुसरी शंका शोधावी लागली असती.

आता माझी चूक. हे व्यक्तिचित्र मास्तरांचं आहे, पण माझ्या चुकीवाचून ते पुरं होत नाही.

गुलबर्ग्याच्या पुढे एक चुनखडीची खाण होती, तिथे आम्हाला बारा खोल्या द्यायच्या होत्या. त्या आवडल्या तर पुढचं फार मोठं काम मिळणार होतं, आणि ते मिळालं नाही तर अर्धा कारखाना बंद करावा लागेल हे मालकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं. प्रत्येक पानावर ते कोणत्या भिंतीचं याची खूण रंगवावी लागे. नमुन्याच्या खोलीवर इंग्रजी अक्षरं घातली होती. पान आडवं ठेवलं की ‘एन’चा ‘झेड’ व्हायचा, आणि जागेवर जाऊन खोल्या जोडणाऱ्या सिद्रामप्पाला इंग्रजी एकही अक्षर येत नव्हतं. मी म्हटलं, मराठी अक्षरं घालू. उत्तरेचा उ, दक्षिणेचा द, पश्चिमेचा प, पूर्वेचा पू. साधी गोष्ट.

रंगवणाऱ्या बायकांना ब्रश दिला तर ‘पू’वर येऊन सगळ्या थांबल्या. एकमेकींना कोपरानं ढोसून हसायला लागल्या. भिंतीवर एवढं मोठं ‘पू’ लिहायचं? त्या भिंतीला टेकून माणसं जेवायची! नरसम्माला हसण्याचं कारण कळेना. ती म्हणाली, “का हसता गं? आमच्यात पू म्हणजे फूल.” मग तर हसणं आवरेना. शेवटी मीच तोडगा काढला. पूर्वेच्या पानावर काहीच लिहू नका. कोरं पान म्हणजे पूर्व.

खुणांचा तक्ता घेऊन मी मास्तरांकडे गेले. मनात उत्तरं तयार ठेवली होती. सिद्रामप्पाला कळेल कशावरून, कोरं पान विसरलेलं नाही हे कळेल कशावरून, सगळ्या प्रश्नांची. मास्तरांनी तक्ता हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमी केलंय न्हवं, बाई? मग झालं.” आणि सही केली. मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ‘कशावरनं’ विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी पायी घरी गेले आणि वाटेत पाव किलो पेढे घेतले. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सही झाली.

फाल्गुनात खोल्या गेल्या. सिद्रामप्पानं जाऊन उभ्या केल्या आणि परत आला. चैत्रात खाणीवरून पत्र आलं, की तुमच्या खोल्यांपेक्षा आमच्या जुन्या पत्र्याच्या शेडी बऱ्या. दुपारी माणसं आत बसत नाहीत, बाहेर ट्रकखाली बसतात. आठ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास खोल्या परत न्याव्यात आणि पुढच्या कामाची आशा ठेवू नये.

मालकांनी पत्र मोठ्यानं वाचलं. कारखान्यात एकदम सगळे सगळ्यांकडे बघायला लागले. मास्तरांनी पत्र मागून घेतलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “भरणी कमी पडली असंल.” एवढंच वाक्य, पण सगळ्यांच्या माना नरसम्माकडे वळल्या. आजवर मास्तरांचा संशय भोंग्यापासून टी-स्क्वेअरपर्यंत सगळ्यांवर सारखा होता, म्हणून तो कुणाला लागत नव्हता. त्या दिवशी तो पहिल्यांदा एका माणसावर गेला. मालक म्हणाले, असं निघालं तर उद्यापासून नरसम्मानं येऊ नये. नरसम्मा उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “मीपण येते तिथे. माझ्यासमोर फोडा पान.”

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही चौघं निघालो. मास्तर, सिद्रामप्पा, नरसम्मा आणि नकाशे घेऊन मी. असा मुका प्रवास मी दुसरा केला नाही. नरसम्मानं डबा उघडला तो खिडकीकडे तोंड करून, कुणाला घास विचारला नाही. सिद्रामप्पा एरवी अक्कलकोट रोड स्टेशन गेलं की कानडीत गप्पा सुरू करायचा, तोही गप्प. बोल्ट आपण नीट आवळले होते ना, हे तो मनात मोजत असावा. मास्तर आळीपाळीनं आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत होते. मलाही वाटत होतं की नरसम्माच्या बायकांनी घाई केली असणार. हे मी आज कबूल करते. तिच्या शेजारी बसून, तिच्या डब्यातल्या चटणीचा वास घेत, मी तिच्यावर संशय घेत होते.

खाणीवर सगळं पांढरं होतं. झाडं पांढरी, माणसांच्या भुवया पांढऱ्या. सुरुंगाचा भोंगा झाला की सगळे जागच्या जागी बसायचे. रस्त्याच्या कडेनं आमच्या बारा खोल्या ओळीत उभ्या होत्या, सगळ्यांची दारं रस्त्याकडे. चांगल्या दिसत होत्या. खाणीचे इंजिनिअर छत्री घेऊन बरोबर आले आणि एकच वाक्य बोलले, “आत पाच मिनिटं बसून दाखवा.”

आत शिरलो आणि अंगावर भट्टीची वाफ यावी तसं झालं. मास्तरांनी रुमालातून मेणबत्ती काढून खिडकीशी ठेवली. आधी पान फोडा, म्हणाले. सिद्रामप्पानं आतला हार्डबोर्ड उचकटला. कापूस वरपासून खालपर्यंत गच्च भरलेला होता, बोट शिरेना. मास्तरांनी चिमूटभर काढला, काडी लावली. काळा पडला आणि विझला. दुसरं पान फोडलं. तेही तसंच. तिसरं फोडायला निघाले तेव्हा नरसम्मा पुढे आली, हात पुढे केला आणि म्हणाली, “आता ती पेटी मला द्या.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र खणखणीत. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, काड्यापेटी दोन्ही हातांनी तिच्या हातावर ठेवली. “चुकलो, नरसम्मा,” ते म्हणाले. त्या दिवसापासून पुढे कापसाला काडी नरसम्माच लावायची, आणि ती तर मास्तरांपेक्षा कडक निघाली.

पण मग खोली तापते कशानं? तीन वाजत आले होते. मास्तर खोलीच्या मध्ये उभे राहून गोल फिरले. खिडकीतली मेणबत्ती आमच्या देखत वाकत होती. तिच्या पायाशी, जमिनीवर, उन्हाचा भला मोठा चौकोन पडला होता. मास्तर त्या चौकोनाकडे बघत राहिले.

“हितं ऊन कसं?” ते म्हणाले. “ही तर उत्तरेची भिंत.”

“उत्तर?” सिद्रामप्पा म्हणाला. “ही उजवी की हो मास्तर.”

“कसली उजवी?”

“पानावर उ काढलाय न्हवं? उ म्हंजे उजवी. आपल्या सुतारांनी खिडकीच्या झडपांवर उ आन् डा लिवलेलं असतंय की, उजवी-डावी. द म्हंजे दर्शनी, त्या भिंतीला दार बी हाय. मंग ती रस्त्याकडं लावली. प म्हंजे परसाकडची. राहिली कोरी, ती डावी. चारी भिंती बराबर बसल्या री, एक बोल्ट सुद्दा तिरका गेला न्हाय.”

मी म्हटलं, “अहो, द म्हणजे दक्षिण!”

सिद्रामप्पा माझ्याकडे बघतच राहिला. “दक्षिणेला दार कोन ठिवतंय हो बाई?”

नकाशा कुठे आहे, मास्तरांनी विचारलं. “हाय की. साहेबांच्या कपाटात. मळंल म्हणून फडक्यात बांधून ठिवलाय.”

रस्ता खोल्यांच्या उत्तरेला होता. सिद्रामप्पा बाहेर रस्त्यावर दाराकडे तोंड करून उभा राहिला, त्याची उजवी म्हणजे पश्चिम. मोठ्या खिडक्यांची भिंत अशी ऐन मावळतीच्या तोंडावर आली. दुप्पट भरणीची बंद भिंत जाऊन बसली दक्षिणेला. चारांपैकी एकच भिंत आपल्या जागी होती, पूर्वेची. जिच्यावर आम्ही काहीच लिहिलं नव्हतं ती. मास्तर आयुष्यभर काळजी करत आले की एखादं पान बसणार नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक पान सूतभर फरक नसलेलं करून घेतलं होतं, कुठलंही कुठेही बसावं असं. आणि तसंच ते बसलं होतं.

इंजिनिअरांनी विचारलं, “खुणा ठरवल्या कोणी?”

मास्तर म्हणाले, “मी.”

पुढची गोष्ट लहान आहे. बोल्ट काढले, एका खोलीच्या तीन भिंती फिरवल्या, फोडलेल्या पानांवर नवा हार्डबोर्ड ठोकला. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मेणबत्ती ताठ उभी होती आणि तिच्याभोवती खाणीची दहा-बारा माणसं जमिनीवर बसून गार भिंतीला पाठ लावून विड्या ओढत होती. इंजिनिअर छत्री मिटून आत आले ते तासभर बाहेर गेले नाहीत. राहिलेल्या अकरा खोल्या फिरवायला सिद्रामप्पा तिथेच थांबला. पुढचं काम आम्हाला मिळालं.

पण मालकांना कुणीतरी जबाबदार हवं होतं. बारा खोल्या सोडवून पुन्हा जोडाव्या लागल्या, बोभाटा झाला. केबिनमध्ये त्यांनी मास्तरांना विचारलं, खुणा खरंच तुमच्या? मी तिथेच उभी होते, हातात नकाशांची गुंडाळी. मास्तर म्हणाले, “सही माझी हाय न्हवं? मग खुणा माझ्याच.” मालक म्हणाले, मास्तर, आता तुमचं वयही झालं. मी तोंड उघडलं नाही. घरी माझ्या पगारावर पाच माणसं होती, हे कारण खरं आहे, आणि तरी ते मला पुरत नाही. मी गप्प उभी राहिले आणि मास्तरांची नोकरी गेली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मास्तर, मी आत जाऊन सांगते. ते थांबले. “काय सांगणार? तुमी चुकला म्हणून? माणूस चुकतंयच, बाई. म्हणून तर इचारणारा लागतो. इचारायचं काम माझं हुतं. त्या दिवशी मी इचारलं न्हाय.” का विचारलं नाहीत, हे मला विचारायचं होतं. पण मला उत्तर माहीत होतं, आणि ते सोसायची ताकद त्या दिवशी माझ्यात नव्हती. आजवर मला वाटायचं, हा माणूस आपल्यावर विश्वास ठेवत नाही. त्यानं एकदाच ठेवला आणि मी तो असा वापरला.

मास्तर नंतर बार्शीला लेकीकडे राहायला गेले. मधूनमधून कार्ड यायचं, त्यात प्रकृतीची चौकशी आणि खाली एक तरी प्रश्न. शेवटचं कार्ड जावयांच्या अक्षरात आलं. त्याला आता खूप वर्षं झाली. पुढे मी त्याच खात्याची प्रमुख झाले, आणि माझ्या पाठीमागे पोरं-पोरी मला काय म्हणायची ते मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्यावर कधी रागावले नाही.

मला मास्तर आठवतात ते त्यांच्या कारखान्यातल्या शेवटच्या दिवशीचे. मी खुणांचा नवा तक्ता केला होता. आता एकही सुटं अक्षर नव्हतं. उत्तर, दक्षिण, पूर्व, सगळं पुरं लिहिलेलं. आणि पश्चिम सगळ्यात महत्त्वाची, वाचता न येणाऱ्यालाही कळावी, म्हणून तिच्या पानावर शब्दाऐवजी मी चित्र काढलं होतं. जमिनीची आडवी रेघ, तिच्यावर अर्धा सूर्य, त्याला किरणं. मावळतीचा सूर्य. मला तो फार आवडला होता. सही हवी म्हणून मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांचा खण रिकामा झाला होता, तापमापक रुमालात बांधून झाले होते. चष्मा काढून खिशात ठेवलेला. त्यांनी तक्त्याकडे न बघताच पेन काढलं.

“तुमी केलंय न्हवं,” ते म्हणाले.

मी तक्त्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “कशावरून?”

मास्तरांना समजलं नाही. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

“कशावरून बरोबर आहे, मास्तर?” मी भिंग त्यांच्यापुढे सरकवलं. “बघा ना. पहिल्यासारखं बघा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेनाचं टोपण लावलं. खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला, त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. भिंग घेऊन एकेक शब्द, एकेक पान बघत ते खाली खाली येत गेले. मी शेजारी उभी. शेवटी त्यांचं बोट येऊन त्या अर्ध्या सूर्यावर थांबलं, आणि चेहऱ्यावर हळूहळू असं हसू आलं की तसं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

“बाई,” मास्तर म्हणाले, “ह्यो मावळतोय कशावरनं? उगवतोय बी असंल की.”

मी डोळे पुसले, ब्लेड घेतलं आणि तो सूर्य खरवडून काढला.